सुजाताच्या दोन भिंती

चिपळूणहून निघाले तेव्हा मी रागावलेली नव्हते, हे आधीच सांगून टाकते. पुढे या मजकुरात जो राग येणार आहे तो मी घरून बांधून नेला होता, असं कुणी म्हणायला नको. आमच्या घरचे तसं म्हणायला कमी करत नाहीत. पण खरं सांगते, बसमध्ये बसले तेव्हा स्वारी एकदम खुशीत होती. माझी मैत्रीण नलिनी छत्रपती संभाजीनगरच्या एका विद्यापीठात गणित शिकवते. तिचा फोन आला होता, "आमच्याकडे संशोधन महोत्सव आहे. सगळे विभाग आपापलं काम मांडणार आहेत. तू जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंस, आता साप्ताहिकात लिहितेस. ये आणि डोळ्यांनी बघ." विद्यापीठाचं नाव मी देणार नाही. का देणार नाही ते वाचताना कळेलच.

पुण्यात गाडी बदलली आणि सकाळी वाळूजच्या कारखान्यांवरून शहरात शिरले. कोकणातल्या माणसाला पहिल्यांदा जाणवतो तो इथला कोरडा वास. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, तरी रस्त्याकडेचं गवत पिवळं पडलेलं. यंदा पावसानं इथे दडी मारली होती. बसमधले शेजारी म्हणाले, "आमच्याकडं पाऊस आला म्हणजे पाहुना आल्यासारखा. च्या पिऊन जातो."

रिक्षावाल्याला उस्मानपुऱ्याचा पत्ता सांगितला. तो म्हणाला, "बैठो ना अम्मा, टेन्शन नक्को लेव." शहराला त्यानं औरंगाबाद म्हटलं, नलिनीच्या शेजारणीनं संभाजीनगर म्हटलं, आणि दोघांनीही माझी बॅग न कुरकुरता उचलली. नलिनीनं गरम पोहे आणि सोबत तळलेल्या मिरच्या पुढ्यात ठेवल्या. मिरची खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा ती म्हणाली, "रडायचं काही विद्यापीठासाठी शिल्लक ठेव." मला वाटलं, थट्टा करते आहे.

विद्यापीठ जालना रोडला, चिकलठाण्याच्या अलीकडे. फाटकातून आत गेलो आणि मला लग्नघरात आल्यासारखं वाटलं. मांडव, कमानी, खुर्च्यांवर पांढरे अभ्रे. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे. एका टेम्पोतून भाड्यानं आणलेल्या कुंड्या उतरत होत्या आणि एक शिपाई जिन्याखाली झोपणाऱ्या कुत्र्याला लांब सोडून यायला निघाला होता. दुसऱ्या दिवशी मूल्यांकन समिती (विद्यापीठाला दर्जा देणारी बाहेरची मंडळी) येणार होती. महोत्सव खरं तर तिच्यासाठीच मांडला होता. हे नलिनीनं मला फोनवर सांगितलं नव्हतं. "सांगितलं असतं तर आली असतीस का?" तिनं विचारलं. नसतेच आले.

तरीही पहिला अर्धा तास मी हरखून गेले होते. एकाच छपराखाली माणसं किती वेगवेगळ्या गोष्टींच्या मागे लागलेली असतात! प्राणिशास्त्राचा एक विद्यार्थी डोंगरातल्या खडकांवर पावसाळ्यात साचणाऱ्या डबक्यांचा अभ्यास करत होता. डबकं आटलं की तळाशी नुसता वाळका गाळ उरतो. तोच गाळ भांड्यात घेऊन पाणी घातलं की काही दिवसांत त्यातून कोळंबीच्या दूरच्या नात्यातले नखाएवढे जीव पोहायला लागतात. "वाळून पडलेत म्हणजे मेलेत असं नाय, मॅडम. वाट बघायलेत," तो म्हणाला. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी म्हटलं, दाखव की तो गाळ. तो खाली बघायला लागला. त्याच्या टेबलावर रंगीत खडे घातलेली काचेची पेटी होती आणि तिच्यात बाजारातून आणलेले शोभेचे मासे. वरून सूचना आली होती, 'समितीला चिखल कसा दाखवायचा?'

शेजारी समाजशास्त्राची एक मुलगी. शहरात भाड्यानं खोली बघायला गेलं की घरमालक आडनाव कोणकोणत्या वाटांनी काढून घेतो, यावर तिचं काम. कुणी सरळ विचारतो, कुणी गाव विचारतो, कुणी "घरात काय काय शिजतं" असं विचारतो, आणि कुणी नुसतं भिंतीवर कुणाचा फोटो लावणार म्हणून विचारतो. ती स्वतः शंभर दारं हिंडली होती. तिच्या फ्लेक्सवर मात्र लिहिलं होतं, 'घरमालक व भाडेकरू : शहरी सौहार्दाचा अभ्यास'. मी तिला विचारलं, हे सौहार्द कुठे सापडलं? ती म्हणाली, "सापडलं नाही. फ्लेक्सवाल्याकडं पाठवतानाच मध्ये कुणीतरी घातलं."

गणिताचं टेबल सगळ्यात शेवटी, पाण्याच्या जारपाशी. नलिनीचा विद्यार्थी संख्यांच्या एका जुन्या, न सुटलेल्या प्रश्नावर काम करतो. प्रत्येकाला एक कागद भरून द्यायचा होता आणि त्यात 'समाजाला थेट उपयोग' असा रकाना होता. यानं लिहिलं, 'सध्या माहीत नाही'. कागद परत आला. यानं पुन्हा तेच लिहिलं. मग त्याच्याकडे दिवे लागणारं मॉडेल नाही म्हणून त्याच्या टेबलावर कुणीतरी एक कुंडी आणून ठेवली, आणि तो तिच्या मागे उभा होता.

सगळ्या टेबलांच्या वर मात्र एकाच रंगाचं, एकाच मजकुराचं कापड : 'संशोधनातून समृद्धीकडे'. माझं पित्त खवळायला इथूनच सुरुवात झाली. अरे, इतकी निरनिराळी डोकी एका आवारात जमली आहेत, हीच तर विद्यापीठाची श्रीमंती! तिच्यावर एकच चादर टाकून झाकायची कशाला? मी मोठ्यानं बोलले असावे, कारण नलिनीनं माझा दंड धरला आणि मला बाहेर नेलं.

"आता एक चांगली गोष्ट दाखवते," ती म्हणाली आणि तिनं सुजाताला हाक मारली.

सुजाता वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते. पंचविशीच्या पुढची, बारीक अंगाची, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी मुलगी. गाव देवगाव रंगारी, कन्नड तालुक्यातलं. तिच्या अभ्यासाचा विषय दगडांवरचे डाग. जुन्या दगडी भिंतीवर राखाडी, पिवळट, हिरवट गोल चकत्या धरलेल्या असतात, त्यांना आपण डाग म्हणतो. ते सजीव असतात. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला संसार. आपण मसाल्यात दगडफूल घालतो, त्याच्याच गणगोतातले, पण हे दगडाला इतके चिकटून असतात की नखानं निघत नाहीत. वर्षाला वाढतात त्या नखाच्या जाडीपेक्षाही कमी.

सुजातानं दोन भिंती निवडल्या होत्या. एक विद्यापीठाच्या आवारातली, जुन्या बागेच्या कुंपणाची काळ्या दगडाची भिंत, जिच्यावर कारखान्यांचा धूर रोज येतो. दुसरी तिच्या गावातल्या बुद्धविहारापुढचा चौथरा. दोन्हींवर बांधकामाचं वर्ष कोरलेलं, म्हणून डागांचं वय ठरवता येतं. दरवर्षी पावसाळा संपला की त्याच आठवड्यात ती दोन्हीकडे जाऊन त्याच त्याच चकत्या मोजायची. नलिनी तिला त्या मापांवरून वाढीची रेघ काढून द्यायची. "आणि यंदाचं माप सगळ्यात महत्त्वाचं आहे," सुजाता चालता चालता मला सांगत होती. "आतापर्यंतची वर्षं बऱ्या पावसाची होती. यंदा कोरडं पडलं. कोरड्या वर्षात हे जीव थांबतात का हळू का होईना वाढतात, हाच तर माझ्या प्रबंधाचा प्रश्न आहे. धुरातले आणि गावचे, दोन्हीकडचे. हे माप लागलं की प्रबंध पुरा."

आम्ही वनस्पतिशास्त्राच्या इमारतीला वळसा घालून मागे गेलो. सुजाता बोलता बोलता थांबली.

भिंत पांढरीशुभ्र होती. नुसती पांढरी नव्हे, तिच्यावर चित्रं होती. एक सूक्ष्मदर्शक, एक रॉकेट, चष्मा घातलेलं एक घुबड, आणि मधोमध मोठ्या अक्षरांत एक समीकरण, तेही चुकीचं. एका टोकाला रंगारी शिडीवर उभा राहून इंद्रधनुष्य पुरं करत होता. शिडीखाली तारेचे ब्रश पडलेले आणि काळ्या दगडाचा भुगा.

सुजाता भिंतीपाशी गेली आणि तिनं रंगावर तळवा ठेवला. रंग ओला होता. मी रंगाऱ्यालाच बोलणार होते, पण तो शिडीवरून म्हणाला, "मला काय म्हनता, ताई? घासून, रंगवून द्या म्हनले. नंबराचे पत्रे ठोकले होते दगडात, तेबी काढून टाका म्हनले." ते पत्रे सुजातानं ठोकलेले होते, प्रत्येक चकतीला एक. त्याचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून मी ज्यांनी 'म्हनले' त्यांच्याकडे गेले.

सुशोभीकरण समितीचे अध्यक्ष वाणिज्य शाखेचे प्राध्यापक होते. छातीवर रेशमी फुलाचा बिल्ला, हातात दोन फोन. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, चहा मागवला. इतक्या गोड माणसावर चिडणं अवघड जातं, पण मी ते निभावून नेलं.

"ही मुलगी त्या भिंतीवर संशोधन करत होती, तुम्हाला माहीत होतं?"

"हो, तिचा अर्ज आहे ना," ते म्हणाले. "भिंतीला हात लावू नये म्हणून. दरवर्षी येतो. फाईलला लावलेला आहे."

"मग?"

"मॅडम, भिंत फार घाण दिसत होती हो. समितीचा मार्ग तिथूनच आहे."

मी त्यांना विचारलं, संशोधन दाखवायला तुम्ही समितीला बोलावलंत आणि समिती येणार म्हणून संशोधन पुसून टाकलंत, हे तुमच्या डोक्यात एकदाही आलं नाही? ते म्हणाले, "पण भिंतीवर विज्ञानाचीच चित्रं काढलीत." मग माझा आवाज चढला. मी काय काय बोलले ते सगळं इथे देत नाही. 'घुबड' हा शब्द दोनदा आला, आणि एकदा तो चित्रातल्या घुबडाबद्दल नव्हता. बाहेर व्हरांड्यात माणसं जमली. नलिनी दारात उभी राहून छताकडे बघत होती. अध्यक्ष शेवटी म्हणाले, "तुम्ही पाहुण्या आहात," आणि दुसरा फोन कानाला लावला. चहा मी घेतला नाही.

याहून वाईट गोष्ट तासाभरानं झाली. सुजाताचे मार्गदर्शक सर तिला शोधत आले. साठीला टेकलेले, हळू बोलणारे. त्यांना वाईट वाटलं होतं, ते तोंडावर दिसत होतं. "झालं ते झालं," ते म्हणाले. "गावाकडची भिंत आहे ना? तिचं माप घे. प्रबंधात लिहून टाक, शहरातल्या भिंतीचं या वर्षीचं माप नैसर्गिक कारणांमुळे घेता आलं नाही."

"नैसर्गिक?" सुजातानं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"अगं, असं लिहितात. समिती दारात आलेली असताना आपण विद्यापीठाचं नाव कशाला घ्यायचं? मला अजून इथंच नोकरी करायची आहे, आणि तुलाही कुठंतरी करायची आहे."

सर गेल्यावर सुजाता मला म्हणाली, "मॅडम, मी उद्या गावी जाते. तिथलं माप तरी हातात येऊ द्या. काय लिहायचं ते मग बघू." मी म्हटलं, मीही येते. समितीपुढच्या त्या मांडवात मी उभी राहिले असते तर पोलीसच बोलवावे लागले असते. सुजातानं तिथल्या तिथे गावी फोन लावला आणि सांगितलं, कोकणातून पाहुण्या येणार आहेत, आपला विहार बघायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी. धरली. दौलताबाद मागे पडलं, कसाबखेडा आलं. दोन्ही बाजूंना कपाशी आणि मक्याची उभी धाटं, मधूनच पाणी असलेल्या शेतात अद्रकाचे (आल्याचे) हिरवे वाफे. पाऊस नसल्यानं कपाशी गुडघ्याएवढीच राहिलेली. सुजाताच्या मांडीवर पिशवी होती, तिच्यात मापं घ्यायचं बारीक साधन आणि भिंग. ती सारखी पिशवीवरून हात फिरवत होती. मी आदल्या दिवशीच्या अध्यक्षांवर बोलत होते. कसाबखेड्याच्या पुढे ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही त्यांना रागावलात ते बरं वाटलं. मला तसं येत नाही. मी नुसते अर्ज करते."

देवगाव रंगारी मोठं गाव आहे. स्टँडवर हॉटेलं, खतांची दुकानं, मोबाईलची दुकानं. तिथून बौद्ध वस्तीकडे चालत गेलो. वस्तीच्या तोंडाशीच सुजाताची आत्या उभी होती. कौसाबाई. सत्तरीच्या आसपासची, उंच, इरकली लुगडं, कपाळ मोकळं. सुजाताला हिनंच वाढवलं, आई-वडील ऊसतोडीला जायचे तेव्हापासून.

"जय भीम, बाई," तिनं मला हात जोडले. "लई लांबून आल्या. आधी पानी घ्या, मग इहार दाखवते. तयार करून ठेवलाय."

हे 'तयार करून' ऐकलं आणि मी सुजाताकडे वळले. सुजाता आधीच पुढे गेली होती.

विहार छोटासा, निळ्या दाराचा. त्याच्यापुढे कंबरेएवढा दगडी चौथरा. धम्मदीक्षा घेतली त्यानंतर या वस्तीतल्या माणसांनी स्वतः दगड फोडून, स्वतः घडवून तो बांधला, सुजाताचे आजोबा त्यांत होते. वर्ष कोरलेला दगड मधोमध. आणि अख्खा चौथरा, चारी बाजूंनी, काळाभोर चमकत होता. ओलसर. पायथ्याशी नारळाच्या शेंड्या, विटकरीचे तुकडे आणि एक तारेची घासणी.

सुजाता गुडघ्यांवर बसली. जिथे जिथे तिच्या चकत्या होत्या तिथे तिथे तिनं बोट ठेवून बघितलं. मग भिंग काढलं आणि पुन्हा बघितलं. काही उरलं नव्हतं.

"कालपून (कालपासून) लागलो व्हतो," कौसाबाई मागून म्हणाली. "आख्खी वस्ती. बायांनी रातच्याला भाकरीबी उशिरा टाकल्या. हातं सोलवटली बघ. पन एक डाग ठिवला नाय."

मी तोंड उघडलं. आदल्या दिवशी एवढं बोलले होते, आता एक शब्द फुटेना. कारण हे सगळं माझ्यासाठी झालं होतं. कोकणातून पाहुणी येणार म्हणून. मला इतका राग आला की कानशिलं तापली, आणि तो कुणावर काढायचा तेच कळेना. सोललेल्या हातांवर काढू?

सुजाता उठली. मला वाटलं, ही आता आत्याला जवळ घेईल आणि लई छान झालंय म्हणेल. तिच्या ओठांवर ते आलंही होतं. पण कौसाबाई पुढे म्हणाली, "दर सालाला येतीस, डागं मोजून जातीस, तोंड पाडून. कागदावर लिव्हून घेतीस. मला लई लागायचं ते. म्हटलं, पोरगी शिकली, तिला आपल्या इहाराची लाज वाटाया लागली. म्हटलं यंदा पाव्हन्यापुढं हिला मोजायला एकबी डाग नाय ठिवायचा."

सुजाता चौथऱ्यावर बसली. "लाज?" ती म्हणाली. "आत्या, मी लाजेनं मोजत होते?"

"मग कशाला मोजायलीस?"

आणि मग सुजातानं सांगितलं. गावच्या भाषेत, हात हलवून. ते डाग नाहीत, जीव आहेत. तुम्ही चौथरा बांधला त्याच्या थोड्या दिवसांनी ते इथं आले, म्हणजे वस्तीएवढेच जुने. शहरात धुरानं त्यांचं काय होतं आणि इथं काय होतं ते मी बघत होते. यंदा पाऊस नाही, तर तग धरतात का नाही ते बघायला मी आले होते. आजच्याच मापासाठी सगळं थांबलं होतं. आजूबाजूला बायका जमल्या. कुणीतरी घासणी पदराखाली लपवली.

कौसाबाईनं सगळं ऐकून घेतलं. माझी कल्पना होती की ती रडेल. ती रडली नाही, ती भडकली. असा राग मी फार दिवसांत बघितला नव्हता, आणि मी त्या विषयातली जाणकार आहे.

"आन् हे तू आत्ता सांगायलीस? इतकी सालं यायलीस, माझ्या हातची भाकर खायलीस, एक डाव सांगता नाय आलं? दगडावर जित्राब हाय म्हनून?"

"मला वाटलं, तुला..."

"काय वाटलं? हिला काय कळतंय, व्हय?"

सुजातानं मान खाली घातली.

"तिकडं शहरात कुनाला सांगितलं व्हतं?"

"ऑफिसला. दरवर्षी अर्ज दिला होता."

"म्हंजी त्यांना दर सालाला सांगितलं, त्यांनी ऐकलं नाय. आन् जी ऐकनार व्हती तिला सांगितलं नाय." कौसाबाई थांबली, धाप लागली होती तिला. "म्या राखनीला बसले असते गं इथं. कुनाची हिंमत व्हती हात लावायची?"

कुणाची नव्हती, हे तिच्याकडे बघूनच कळत होतं. सुजातानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रंगवलेल्या भिंतीपुढे ती रडली नव्हती, इथे रडली. कौसाबाई तिच्या शेजारी बसली, पण पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. ती अजून रागातच होती.

जेवायला बसलो. बाजरीची भाकरी, येसराची आमटी (भाजलेल्या धान्यांच्या आणि डाळींच्या मसालेदार पिठाची), शेंगदाण्याची चटणी, वर कच्चं तेल. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी नको म्हटलं तर कौसाबाईनं ताटात टाकलीच. "तुमचा काय दोष न्हाई, बाई," ती म्हणाली. "पाव्हनं येनार म्हनलं की मानूस झाडलोट करनारच." मी खाली मान घालून भाकरी मोडत राहिले. आमच्या चिपळुणात भिंतीवर हिरवं धरलं की मी काय करते, ते मला तिथे आठवलं.

परतीच्या एस.टी.त नलिनीचा फोन आला. समिती रंगवलेल्या भिंतीपुढे बराच वेळ उभी होती म्हणे. फोटो काढले. आवाराच्या स्वच्छतेचं आणि कल्पकतेचं खास कौतुक केलं. गणिताच्या टेबलापर्यंत पोचायला वेळ उरला नाही. "आणि एक गंमत ऐक," नलिनी म्हणाली. "समितीतल्या एकांनी विचारलं, या दगडांवर पूर्वी काही वाढत होतं का? अध्यक्ष म्हणाले, नाही." मी एस.टी.त इतक्या मोठ्यानं ओरडले की कंडक्टरनं वळून बघितलं.

नलिनीच्या रेघेवरून यंदाचं माप काढता येईल का, असं मी सुजाताला विचारलं होतं. तिनं नलिनीला विचारून सांगितलं, आधीच्या वर्षांवरून रेघ निघते, पण कोरड्या वर्षात ती कुठे वळली असती ते आता कुणीच सांगू शकत नाही. प्रबंध होईल. प्रश्न तेवढा राहील, उत्तराशिवाय.

चिपळूणला आले. पहिले काही दिवस घरी सगळे माझ्यापासून लांबच राहत होते. लोक विचारत, काय बघितलंत विद्यापीठात? मी सांगत असे, वाळक्या गाळात वाट बघणारे जीव, आडनाव काढून घ्यायच्या वाटा, उपयोग माहीत नसलेल्या संख्या, आणि दगडावरचे डाग. इतकं सगळं एका जागी चाललेलं असतं, हे बघून मान ताठ व्हायला हवी. आणि त्या सगळ्याला चुना फासणारी माणसंही त्याच जागी, त्याच पगारावर. मला हे गिळता येत नाही. वय झालं की राग ओसरतो म्हणतात. माझा ओसरत नाही आणि त्याचं मला आता वाईटही वाटत नाही.

परवा सुजाताचा फोन आला. तिनं प्रबंध सरांकडे दिला होता. त्यातली दोन वाक्यं तिनं इंग्रजीतून लिहिली होती, ती मला मराठीत करून सांगितली. पहिलं : 'विद्यापीठाच्या आवारातील भिंतीचं या वर्षीचं माप घेता आलं नाही, कारण मूल्यांकन समितीच्या भेटीसाठी विद्यापीठानं, लेखी विनंती असतानाही, ती भिंत घासून रंगवली.' दुसरं : 'गावातील चौथऱ्याचं माप घेता आलं नाही, कारण माझ्या आत्यानं तो घासला, आणि तिनं घासला कारण मी तिला माझं काम काय आहे ते कधी सांगितलं नव्हतं.'

"आत्याला विचारून लिहिलं का?" मी म्हटलं.

"विचारलं. म्हणाली, टाक की. केलंय ते केलंय, म्या काय नाय म्हनते का? पन माझं टाकशील तर त्यांचंबी टाक."

"आणि सर?"

"सर म्हणाले, आत्याचं वाक्य छान आहे, प्रांजळ आहे, ते राहू दे. वरचं तेवढं काढ."

मी फोनवरच सरांचा उद्धार सुरू केला. सुजाता मात्र शांतच होती. तिनं दोन्ही वाक्यं तशीच ठेवून प्रबंध पुन्हा सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला आहे. सही अजून झालेली नाही.